कलम कराराचे, कुलूप कंपनीचे

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा माझ्या लहानशा छपाईच्या दुकानातले दोन्ही संगणक, प्रिंटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे गठ्ठे पाण्याखाली गेले. नशिबाने सगळ्या फायलींची प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती माळ्यावर ठेवलेली होती आणि पानांच्या मांडणीसाठी रीतसर बिल देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरची मूळ डीव्हीडीही तिच्याजवळच होती. गाळ उपसून झाल्यावर उसनवारीने नवा संगणक आणला, डीव्हीडी घातली, डबीच्या आतल्या चिठ्ठीवरचा लांबलचक क्रमांक एकेक अक्षर तपासून टाइप केला आणि पडद्यावर उत्तर उमटले की हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले, "सर, आधी जुन्या संगणकावर जाऊन परवाना बंद करा, मग नव्यावर चालू होईल." जुना संगणक तोपर्यंत गाळाबरोबर नगरपालिकेच्या ट्रॉलीतून गेला होता. तलाठ्यांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत मी ईमेलने पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आले की त्या आवृत्तीची सेवा आता बंद झाली असून नवी आवृत्ती वार्षिक वर्गणीवर उपलब्ध आहे.

या अनुभवानंतर परवान्याचा तो करार मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, आणि मग कायदाही वाचला. सॉफ्टवेअरच्या परवान्याचा त्रास, कॉपीराइटची जरब आणि खासगीपणाची चिंता या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत असे आपण समजतो. माझ्या मते त्या एकाच दोरीचे तीन पेड आहेत आणि ते कसे वळले गेले हे समजले तर निदान आपण कुठे सही करतो आहोत हे तरी कळते.

सुरुवात मालकीपासून करू. आपल्याकडे हापूसची कलमे हंगामापुरती कराराने देण्याची रीत आहे. करार घेणारा फवारणी करतो, राखणीला माणसे ठेवतो, आंबा उतरवून पेट्या भरतो आणि बाजारात पाठवतो. फळ त्याचे असते, पण झाड त्याचे नसते. त्याला फांदी तोडता येत नाही, कलम दुसऱ्याला विकता येत नाही आणि मुदत संपली की कुंपणाबाहेर यावे लागते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण नेमके हेच घेतो. दुकानात दिलेले पैसे वापराच्या परवानगीचे असतात, आणि ती परवानगी कोणत्या संगणकावर, किती जणांना, किती दिवस आणि कोणत्या कामासाठी हे विकणाऱ्याने लिहिलेल्या करारात ठरलेले असते. फरक इतकाच की आंब्याच्या करारात दोन्ही बाजू ओटीवर बसून घासाघीस करतात आणि इथे समोर फक्त 'मी सहमत आहे' हे बटण असते.

पुस्तकाच्या बाबतीत असे का होत नाही, हा प्रश्न रास्त आहे. विकत घेतलेले पुस्तक मी वाचतो, भाच्याला देतो, रद्दीत विकतो, आणि लेखकाला विचारावे लागत नाही, कारण वाचण्यासाठी पुस्तकाची नक्कल करावी लागत नाही. कॉपीराइट म्हणजे मुळात नक्कल करण्याचा हक्क. सॉफ्टवेअर मात्र वापरायचे म्हटले की नक्कल आलीच. डीव्हीडीवरून ते हार्ड डिस्कवर उतरते आणि सुरू करताना हार्ड डिस्कवरून मेमरीत जाते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीच्या व्याख्येत बसवले, म्हणजे कायद्याच्या नजरेत हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि कादंबरी एकाच पंगतीला आली. मग साधा वापरसुद्धा नक्कल ठरू लागला आणि प्रत्येक वापराला परवानगी लागते असा युक्तिवाद करायला कंपन्यांना जागा मिळाली.

आपल्या कायद्याने यावर थोडा उतारा ठेवलेला आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. कलम ५२ मधल्या एका तरतुदीनुसार प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामाकरिता नक्कल करता येते, तसेच हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून संरक्षण म्हणून राखीव प्रतही काढता येते. म्हणजे माझ्या मूळ डीव्हीडीवरून सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेणे हा कायद्याने मान्य केलेलाच प्रकार होता. पण कायदा प्रत काढू देतो, ती चालेल याची हमी देत नाही. प्रतीला जाग आणणारा सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरचा मुख्य संगणक, कंपनीकडे असतो आणि तो कितव्या वर्षी बंद करावा याबद्दल कायदा गप्प आहे.

या सगळ्यात गमतीचा भाग कराचा आहे. सॉफ्टवेअरवर विक्रीकर लागतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की डबीबंद तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे आणि तिची विक्री होते. पुढे परदेशी कंपन्यांना दिलेले पैसे रॉयल्टी आहेत का, असा आयकराचा प्रश्न आला, तेव्हा मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की अशा व्यवहारात ग्राहकाला कॉपीराइटमधला कोणताही हक्क मिळत नाही, तो प्रोग्रॅमच्या एका प्रतीची किंमत मोजतो, म्हणून ती रॉयल्टी नव्हे. कर घेताना ती वस्तू आणि परत विकायला गेलात तर कंपनीच्या करारात तो परवाना, असा हा मामला आहे. बाहेरच्या देशांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात ग्राहक हा मालक नसून परवानाधारक आहे असे धरले, तर युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकलच्या खटल्यात ठरवले की कायमचा परवाना एकदा विकला की ती प्रत पुढे विकण्यास कंपनी हरकत घेऊ शकत नाही. कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की डिजिटल दुकानाने 'खरेदी करा' असे लिहिताना, आपण प्रत्यक्षात परवाना देत आहोत, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे अशी पाटी लावण्याची सक्ती झाली तर बरेच डोळे उघडतील.

आता कुलपाकडे येऊ. करार कागदावर असला तरी तो पाळला जातो आहे हे कंपनीला कसे कळणार? पूर्वी त्यासाठी डोंगल असे. मराठी मांडणीची जुनी सॉफ्टवेअरे अशा डोंगलवर चालत. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचे ठोकळ्यासारखे यंत्र होते, आणि ते लावल्याशिवाय मराठी अक्षर उमटत नसे. खाऱ्या हवेने त्याच्या पिना हिरव्या पडत, म्हणून आमचे वडील दर शनिवारी त्या खोडरबराने घासत आणि रात्री डोंगल देव्हाऱ्याच्या खणात ठेवत. त्याचा त्रास होता, पण त्या कुलपाची किल्ली निदान आमच्या घरात होती.

आजचे कुलूप इंटरनेटवर असते. सॉफ्टवेअर प्रथम सुरू करताना ते संगणकाच्या मदरबोर्डचा, हार्ड डिस्कचा, नेटवर्क कार्डाचा क्रमांक गोळा करते, त्यांवरून यंत्राचा एक ठसा तयार करते आणि तुमच्या परवाना क्रमांकाबरोबर तो कंपनीच्या सर्व्हरला कळवते. पुढच्या वेळी ठसा जुळला नाही तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही दुसरेच कोणी असता. मदरबोर्ड पुरात गेला की वीज कोसळून जळाला, याची नोंद ठेवायला त्या ठशात जागा नसते. वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच तपासणी पुन्हा पुन्हा होते. इंटरनेटशिवाय कोणी महिनाभराची सवड देते, कोणी थोडी जास्त, आणि सवड संपली की काम थांबते. अडोबीने २०१३ मध्ये आपली मोठी सॉफ्टवेअरे फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड भागातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, तिथे इंटरनेट कुठले असणार? असे कुलूप बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अखंड वीज असलेले एखादे शहर असते, हर्णै किंवा आंजर्ले नसते.

कंपन्यांची बाजू खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या धंद्यात क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली, सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षे सर्रास चालली आहेत, आणि दुकान नवे होते तेव्हा आमच्याकडेही ती होती. संगणक विकणारा मुलगा 'सगळे टाकून देतो, काका' असे म्हणे, आणि त्या 'सगळे'मध्ये काय काय आहे हे कोणी विचारत नसे. कायदा याबाबत कडक आहे. चोरटी प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर कलम ६३ब प्रमाणे किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते, पण दुकानदाराला ती सवलत मिळणे कठीण. फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी अशा चोरट्या प्रती वॉरंटशिवाय जप्तही करू शकतो. शिवाय क्रॅक करून देणारा माणूस परोपकारी नसतो. त्या फायलीबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आला तर तो ओळखणार कोण?

कुलूप तोडण्याबद्दलची तरतूद २०१२च्या दुरुस्तीने आली आणि ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडले तर २ वर्षांपर्यंत कैद आहे, मात्र कायद्याने मना नसलेल्या कामासाठी ते उघडले तर गुन्हा नाही. माझ्यासारख्याची बाजू इथे बऱ्यापैकी भक्कम दिसते. परंतु दुसऱ्याचे कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि उघडण्याचे कारण यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट लगेच पुढे येते. चिपळुणात अशी वही ठेवणारा दुरुस्तीवाला मला तरी भेटलेला नाही.

कॉपीराइटची जरब केवळ सॉफ्टवेअरपुरती राहिलेली नाही. समजा, शिमग्यात गावच्या मुलांनी पालखी नाचवतानाचा व्हिडिओ काढला आणि मागे बँडवाल्यांच्या गाडीवर एखादे सिनेमातले गाणे वाजत होते. व्हिडिओ चढवताच संकेतस्थळाचा प्रोग्रॅम त्यातल्या आवाजाचा ठसा काढतो आणि संगीत कंपन्यांनी आधीच दिलेल्या ठशांशी ताडून पाहतो. यूट्यूबवर ही पद्धत २००७ पासून आहे. ठसा जुळला तर व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे हक्कदार ठरवतो. यंत्राला गाणे ओळखता येते, पालखी ओळखता येत नाही. भारतीय कायद्यात मजकूर हटवण्याची जी रीत आहे ती त्यामानाने माणसाळलेली आहे. हक्कदाराची लेखी तक्रार आल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत पावले उचलायची, मजकूर २१ दिवस रोखायचा आणि तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. ठसे जुळवणारे यंत्र मात्र कंपन्यांच्या आपसातल्या करारावर चालते, त्यामुळे ही रीत पुष्कळदा वापरातच येत नाही. (लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवायला परवाना लागत नाही, हे कायद्यात लिहिलेले आहे. त्यावरून गोवा सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले, तरी परिपत्रक गेले म्हणून मूळ सवलत गेली असे नाही.)

आता तिसरा पेड. ज्याला कुलूप राखायचे आहे त्याला आत डोकावावे लागते. संगणकाचा ठसा घेणे, तो रोज तपासणे, कोणते बटण किती वेळा दाबले गेले याची नोंद घरी पाठवणे हे सगळे 'परवान्याची पडताळणी' आणि 'सेवेत सुधारणा' या दोन शब्दांखाली करारात लिहिलेले असते. बागेचा राखण्या आंबा राखता राखता घरात कोण आले, कोण गेले हेही सांगू लागला तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीने आपल्या काही सीडींची नक्कल होऊ नये म्हणून अशी व्यवस्था केली की सीडी संगणकात घालताच एक प्रोग्रॅम गुपचूप बसे आणि स्वतःला लपवून ठेवी. मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने तो उघडकीस आणला. त्या लपण्याच्या सोयीचा फायदा इतर घातक प्रोग्रॅमनाही घेता येत होता, आणि अखेर कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. यात पैसे मोजून सीडी घेणाऱ्याचा संगणक बिघडला. चोरून गाणी उतरवणाऱ्याला यातले काहीच सोसावे लागले नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यातल्या दोन गोष्टी मला कामाच्या वाटतात. संमती ही त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असली पाहिजे, म्हणजे फोटो छापणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली सगळी नावे-नंबर मागण्याचे कारण नाही, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. दुसरी गोष्ट भाषेची. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या यादीत मराठी आहे आणि कोंकणीही आहे. माझ्या आत्याने बँकेच्या ॲपवर आजवर किती इंग्रजी पानांना 'हो' म्हटले असेल हे पाहता ही तरतूद लहान नाही. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, मात्र तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली भरपाई नाही, उलट खोटी किंवा उगाच तक्रार केली म्हणून त्यालाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग आमच्यासारख्याने करावे काय? मी आता सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारतो. संगणक गेला तर परवाना दुसरीकडे कसा न्यायचा, इंटरनेट नसेल तर किती दिवस चालेल आणि वर्गणी थांबवली तर माझ्या जुन्या फायली उघडतील का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण चहा मागवतात. उत्तरे ईमेलवर लेखी घेऊन ठेवतो.

दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. त्यातही परवाना असतोच, पण तो उलट्या बाजूने लिहिलेला असतो. वापरा, नक्कल करा, बदला, पुढे द्या, आणि पुढे देताना इतरांनाही हाच हक्क द्या, असे जीपीएल हा १९८९ पासूनचा परवाना सांगतो. तोही कॉपीराइटच्याच पायावर उभा आहे. पत्रलेखन आणि हिशेबाच्या तक्त्यांना लिबरऑफिस पुरते, नक्षीकामाला इंकस्केप आणि पुस्तकाच्या मांडणीला स्क्राइबस वापरता येते. अडचणी आहेत. मोठा छापखाना अजून कोरलड्रॉची फाइलच मागतो, आणि छपाईच्या चार रंगांचे काम इंकस्केपमध्ये मनासारखे होत नाही. म्हणून एक संगणक वर्गणीचा आणि एक मुक्त, अशी तडजोड मी केली आहे.

कुलूप नुसते प्रोग्रॅमला नसते, अक्षरालाही असते, हे मला सर्वांत उशिरा कळले. आमच्या एका ग्रामदेवतेच्या ट्रस्टला जीर्णोद्धाराची २००३ सालची स्मरणिका पुन्हा छापायची आहे. फाइल माळ्यावरच्या हार्ड डिस्कवर जशीच्या तशी आहे, पण ती डोंगलच्या काळातल्या फाँटमध्ये आहे. तो फाँट मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवी, त्यामुळे त्याच्याशिवाय फाइल उघडली की पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. डोंगल देव्हाऱ्यात आहे, पण ते लावायचे पोर्ट आता कोणत्या संगणकाला येते? युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे आणि त्यात लिहिलेला मजकूर कोणत्याही कंपनीच्या देवनागरी युनिकोड फाँटमध्ये वाचता येतो, म्हणून मी एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून सगळी फाइल काढली आणि तिला मुक्त परवान्याचा मुक्ता हा फाँट लावला. आता अडते ते ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यापाशी. जुन्या फाँटमध्ये 'वि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'व' येई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'व' आणि मग वेलांटी येते. रफाराचे याच्या बरोबर उलट होते. त्यामुळे रूपांतरात 'कार्य'चा रफार घसरून पुढच्या शब्दावर बसतो आणि 'शिमगा'ची वेलांटी 'म'ला लागून त्याचा 'शमिगा' होतो. छापील स्मरणिकेची एक प्रत ट्रस्टच्या पुजाऱ्यांकडे, उंचावरच्या घरात, पुरापासून वाचली होती. ती शेजारी ठेवून मी आणि माझी मुलगी रोज दुकान बंद झाल्यावर चार पाने तपासतो, आणि काल आम्ही वर्गणीदारांच्या यादीतल्या 'शिर्के' या आडनावापर्यंत पोहोचलो, ज्यात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत.